शनिवारची शाळा आणि मुलांचा रविवार

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांचा शनिवार हा आठवड्यातील इतर दिवसांहून नेहमीच निराळा राहिला आहे. एरवी दुपारी भरणारी पुष्कळशी शाळा या दिवशी सकाळी भरते आणि ऊन चढण्याच्या सुमारास सुटते. कवायत, परिपाठ, वर्गसजावट, परिसराची स्वच्छता, कार्यानुभवाचा तास, क्वचित एखादी गोष्ट, असा या दिवसाचा क्रम खेड्यापाड्यांतील अनेक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. तथापि हा क्रम बहुतांशी वहिवाटीने ठरत गेला. अर्धा दिवस शाळा, मग दीड दिवस मोकळीक, या व्यवस्थेचा मुलांच्या अध्ययनाशी आणि त्यांच्या मनःस्वास्थ्याशी काय संबंध आहे, याचा शैक्षणिक दृष्टीने विचार व्हावयास पुष्कळ काळ जावा लागला.

हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या अधिनियमाने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरावी, असे ठरवून दिले आहे. अध्यापनाचे तास अनुक्रमे ८०० आणि १,००० आहेत. या किमान मर्यादेचा विचार केला तर आठवीतील मुलाचेही वर्षातील जवळजवळ १४५ दिवस शाळेबाहेर जातात. त्या दिवसांत मूल काय करते, कोणाच्या सहवासात असते, पुरेसे झोपते किंवा नाही, पोटभर जेवते किंवा नाही, यावर सोमवारी वर्गात बसणाऱ्या मुलाची ग्रहणशक्ती पुष्कळ अंशी अवलंबून असते.

साप्ताहिक सुटीचा हक्क

रविवारच्या सुटीचा इतिहास महाराष्ट्राला विशेष जवळचा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस हक्काची विश्रांती मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी दीर्घकाळ लढा दिला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याचाही आधार त्यांनी या मागणीस दिला होता. श्रमणाऱ्या माणसाला थकवा घालविण्यासाठी, आप्तेष्टांत मिसळण्यासाठी आणि समाजाचे काही काम करण्यासाठी वेळ हवा, हा विचार त्या मागणीच्या मुळाशी होता. मुलांच्या बाबतीत तोच विचार आंतरराष्ट्रीय करारात शब्दबद्ध होण्यास आणखी एक शतक जावे लागले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील एकतिसाव्या अनुच्छेदाने विश्रांती, खेळ, करमणूक आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग हे मुलांचे हक्क मानले. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली.

योगायोग असा की, त्याच सुमारास आपल्या देशात दप्तराच्या ओझ्याची चर्चा ऐरणीवर आली होती. ज्येष्ठ कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतील आपल्या पहिल्या भाषणासाठी जो विषय निवडला, तो शाळकरी मुलांच्या पाठीवरील ओझ्याचा होता. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणासंबंधीचा आपला अहवाल सादर केला. न समजलेल्या गोष्टींचे ओझे दप्तराच्या वजनाहूनही घातक असते, हे या समितीचे निदान आजही तितकेच खरे आहे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा दंडक आता सर्वत्र मान्य झाला आहे. आकलनाचे ओझे मात्र तराजूत घालून मोजता येत नाही. त्यामुळे ते हलके करण्याचे काम मागे पडते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विचाराला आणखी एक दिशा दिली. सहावी ते आठवीच्या दरम्यान केव्हातरी प्रत्येक विद्यार्थ्याने दहा दिवस दप्तराविना शाळेत यावे आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काही शिकावे, अशी शिफारस या धोरणात आहे. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीमच्या कल्पनेशी तिचे नाते लावता येते.

आनंददायी शनिवार

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये इयत्ता पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम राबविण्याचा निर्णय घेतला. प्राणायाम, योग व ध्यानधारणा, आपत्ती व्यवस्थापनाची मूलतत्त्वे, दैनंदिन जीवनातील पैशाचे व्यवहार, स्वसंरक्षण, आरोग्य संवर्धन, रस्ता सुरक्षा, समस्या सोडविण्याची तंत्रे, कृती व खेळ, नातेसंबंध हाताळण्याचे कौशल्य अशा विषयांचा त्यात अंतर्भाव करण्यात आला. अभ्यासाचा ताण कमी व्हावा, शाळेविषयी गोडी वाटावी, गळती व अनुपस्थिती कमी व्हावी, हा त्यामागील हेतू होता.

विषयांची ही यादी मोठी आहे आणि तिच्याकडे यादी म्हणून पाहिले तर उपक्रमाचे नुकसान होईल. प्रत्येक शनिवारी एक विषय ‘उरकून’ घेतला, छायाचित्र काढले, अहवाल वर पाठविला, म्हणजे काम झाले अशी समजूत होण्याचा धोका अशा प्रत्येक योजनेत असतो. सर्पदंशाचे उदाहरण घ्यावे. दंश झालेला माणूस घाबरू नये, त्याने चालू नये, दंशाचा अवयव न हलविता स्थिर ठेवावा, जखमेवर काप घेऊ नयेत, रक्त चोखू नये आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, हे सारे एका व्याख्यानात सांगून होते. पण भातखाचरात किंवा उसाच्या फडात प्रसंग ओढवल्यावर ते आठवावयाचे असेल, तर मुलांनी दोघांदोघांच्या जोडीने हात बांबूच्या पट्टीस बांधण्याचा सराव केलेला असला पाहिजे, आणि पुढल्या महिन्यात तोच सराव पुन्हा केलेला असला पाहिजे. स्मरणाविषयी जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून आजपर्यंतचे संशोधन एकाच गोष्टीकडे बोट दाखविते: एकदाच पुष्कळ शिकविण्यापेक्षा थोडे थोडे, मध्ये अंतर ठेवून, पुन्हा पुन्हा शिकविलेले अधिक टिकते. आठवड्यातून एकदा येणारा शनिवार हा अशा अंतराने होणाऱ्या उजळणीसाठी फार सोयीचा आहे.

शाळेच्या नियमित वेळेबाहेर चालणाऱ्या उपक्रमांचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा शास्त्रीय धांडोळा अमेरिकेत २०१० मध्ये घेण्यात आला. जोसेफ डरलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते अठरा वर्षे वयाच्या मुलांसाठी चालणाऱ्या ६९ उपक्रमांच्या मूल्यमापनांचा एकत्रित अभ्यास केला. उपक्रम चांगले असतील तर मुलांचा आत्मविश्वास वाढतो, शाळेविषयी आपलेपणा निर्माण होतो, वर्तनात सुधारणा होते आणि परीक्षेतील यशावरही चांगला परिणाम दिसतो, असे त्यांना आढळले. पण त्यांच्या निष्कर्षाचा अधिक महत्त्वाचा भाग पुढचा आहे. हा लाभ सर्व उपक्रमांत सारखा नव्हता. ज्या उपक्रमांत कौशल्य पायरीपायरीने शिकविले जात होते, मुले स्वतः हाताने काही करीत होती, त्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवला होता आणि नेमके काय शिकावयाचे हे स्पष्ट होते, तेथेच परिणाम दिसून आले. या चार गोष्टी नसलेल्या उपक्रमांचा परिणाम जवळजवळ शून्य होता. मुलांना केवळ गुंतवून ठेवणे आणि मुलांना काही शिकविणे यांतील हा फरक आहे.

आठवडे बाजारातील अपूर्णांक

साधने नाहीत म्हणून चांगला शनिवार घडत नाही, असे कित्येकदा ऐकावयास मिळते. खेड्यातील शाळेच्या बाबतीत ही तक्रार पूर्णतः टिकत नाही. ज्या गावी आठवडे बाजार भरतो, तेथे पाचवी-सहावीच्या मुलांना घेऊन एक तास बाजारात हिंडणे हा गणित, भूगोल आणि भाषा यांचा एकत्रित पाठ होऊ शकतो. कांदा कोठून आला, वांग्यांचा भाव सकाळी काय होता आणि दुपारी काय होतो, पाव किलोचा भाव किलोच्या चौपटीत बसतो का, सुटे पैसे नसतील तर विक्रेता काय करतो, या प्रश्नांची उत्तरे मुलांनी वहीत टिपावीत आणि पुढील शनिवारी त्यांचा तक्ता करावा.

अपूर्णांकाचा विषय तर जुन्या घरांच्या माळ्यावर पडून आहे. दशमान पद्धतीची वजने-मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तरी धान्य मोजण्याची जुनी मापे पुष्कळ घरांतून अद्याप सापडतात. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली, अर्ध्या शेराचे मापटे, पाव शेराचे चिपटे. ही मापे शाळेत आणून मुलांनी ज्वारी ओतून पाहिली, तर दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर होतो, हे फळ्यावर न लिहिता समजते. फळ्यावर शिकविताना अंश आणि छेद यांची गल्लत करणारा मुलगा येथे सहसा चुकत नाही. मापे घेऊन येणाऱ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीही येत असते. साडेतीनचा पाढा मुखोद्गत असलेला म्हातारा मनुष्य वर्गात उभा राहतो, तेव्हा मुलांना गणिताबरोबरच आणखीही काही कळते: आपल्या घरातील निरक्षर किंवा अर्धशिक्षित समजल्या जाणाऱ्या माणसाजवळही विद्या असते. आपल्या घराविषयी मुलाला लाज न वाटणे ही त्याच्या मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने सामान्य गोष्ट नव्हे.

शहरातील शाळांना हा बाजार नाही, पण त्यांच्याजवळ निराळी संपत्ती आहे. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्रीय संस्थेने शाळकरी मुलांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सप्रयोग व्याख्यानांची परंपरा सुरू केली. संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी मुलांच्या शंकांना नेहमीच मान दिला. स्वाक्षरी मागावयास आलेल्या मुलाला ते पोस्टकार्डावर विज्ञानाविषयी एखादा प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत आणि उत्तराखाली स्वाक्षरी करून पाठवीत. अरविंद गुप्ता यांनी तेथील विज्ञान शोधिकेत काड्यापेट्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखविली. सहलीसाठी पैसे नसलेल्या शाळेलाही ही खेळणी करता येतात. मुंबईतील जवाहर बालभवन, पुण्यातील गरवारे बालभवन यांसारख्या संस्थांचे कार्यही याच जातीचे आहे. त्याही आधी, साने गुरुजींच्या मागे प्रकाशभाई मोहाडीकर यांनी वाढविलेल्या कथामालेने केवळ एक सतरंजी आणि गोष्ट सांगणारा मनुष्य एवढ्या सामग्रीवर असंख्य मुलांना एकत्र आणले होते.

महाराष्ट्राबाहेरही मुलांच्या सुटीचा असा उपयोग मराठी माणसाने केलेला दिसतो. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा पालकच स्वयंसेवक म्हणून चालवितात. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील बृहन्महाराष्ट्र मंडळाने या शाळांना समान अभ्यासक्रमाची जोड दिली. आठवड्यातील एखाद-दोन तासांत भाषा पूर्णपणे येत नाही, हे तेथील शिक्षकही जाणतात. आजीशी दूरध्वनीवर बोलण्याइतके शब्द आणि आपल्यासारखीच दोन भाषांत वाढणारी चार मुले भेटणे, हा त्या तासांचा खरा लाभ होय.

सुटीतील विषमता

शनिवार-रविवारचा काळ मुलांना संपूर्णतः मोकळा द्यावा, शाळेने त्यात हातच घालू नये, असाही एक पक्ष आहे. त्याचा विचार करताना जपानचा अनुभव उद्बोधक ठरतो. तेथे पूर्वी शनिवारी अर्धा दिवस शाळा असे. मुलांवरील ताण कमी व्हावा, त्यांना कुटुंबात व समाजात अधिक वेळ मिळावा, या हेतूने सप्टेंबर १९९२ पासून महिन्यातील एक शनिवार, १९९५ पासून दोन शनिवार आणि एप्रिल २००२ पासून सर्व शनिवार सुटीचे करण्यात आले. हेतू निर्मळ होता. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात दाइजी कावागुची या अर्थशास्त्रज्ञाने असे दाखविले की, या बदलानंतर सुशिक्षित पालकांची मुले आणि अल्पशिक्षित पालकांची मुले यांच्या अभ्यासाच्या वेळेतील तफावत वाढली. ज्यांना शक्य होते त्यांनी शनिवारची पोकळी खाजगी शिकवण्यांनी व घरच्या अभ्यासाने भरून काढली; इतरांसाठी ती पोकळीच राहिली. २०१३ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने नियमांत दुरुस्ती करून शनिवारी वर्ग घ्यावेत किंवा नाही हे स्थानिक मंडळांनी ठरवावे, अशी मोकळीक दिली. दक्षिण कोरियातही २०१२ पासून शाळांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आहे. तेथील खाजगी शिकवण्यांचा पसारा सर्वश्रुत आहे.

महाराष्ट्राला या अनुभवातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. शहरातील सुस्थित घरातील मुलीला शनिवारी दुपारी चित्रकला, रविवारी सकाळी पोहणे आणि संध्याकाळी गायन, असा कार्यक्रम आखून दिलेला असतो. त्याच वयाची दुसरी मुलगी शनिवारी शाळा सुटताच धाकट्या भावंडाला कडेवर घेते, पाणी भरते, रविवारी आईबरोबर निंदणीला जाते. तिच्या दृष्टीने सुटी हा शब्दच अपुरा आहे. ऊसतोडीच्या हंगामात ज्यांचे आईवडील कारखान्याच्या परिसरात असतात आणि जी मुले आजीआजोबांच्या आधाराने किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांचा रविवार आणखी निराळा. अशा मुलांच्या वाट्याला आठवड्यातून तीन तास तरी निखळ मुलाचे म्हणून यावेत, आणि ते शाळेच्या आवारात यावेत, हा आनंददायी शनिवारच्या बाजूने सर्वांत सबळ युक्तिवाद आहे. शाळा हे त्यांचे एकमेव विनामूल्य क्रीडांगण आणि एकमेव ग्रंथालय असते.

येथे पोषणाचाही प्रश्न येतो. प्रधानमंत्री पोषण योजनेखाली प्राथमिक वर्गातील मुलाला दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळतील असा आहार देण्याचे प्रमाण ठरलेले आहे. शनिवारच्या आहारानंतर यापुढील शालेय आहार सोमवारीच मिळतो. मोलमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत शनिवारची उपस्थिती आणि शनिवारची खिचडी यांचा संबंध शिक्षकांना चांगला ठाऊक असतो. म्हणून शनिवारचा उपक्रम कितीही रंगला तरी आहाराची वेळ त्यात झाकोळली जाऊ नये.

आदिवासी विकास विभागाच्या सुमारे ५०० शासकीय आश्रमशाळांत शनिवार-रविवारचा प्रश्न वेगळ्याच स्वरूपात उभा राहतो. तेथील मुले शाळेतच राहतात. रविवारी घर नाही, वर्ग नाही आणि अधीक्षकावर सगळ्यांची जबाबदारी, अशा स्थितीत हा दिवस कपडे धुण्यात आणि वाट पाहण्यात जाण्याचा संभव फार. लहान वयात घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला आठवण अधिक येते ती याच दिवशी. गावातील तारपावादकाला किंवा वारली चित्रे काढणाऱ्या स्त्रीला रविवारी आश्रमशाळेत बोलाविणे, मुलांच्या बोलीतील गोष्टी त्यांच्याचकडून लिहवून घेणे, रानभाज्या ओळखावयास मोठ्या मुलांबरोबर लहानांना पाठविणे, यांस खर्च जवळजवळ नाही. डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत कुरणशाळा नेली. मुलाच्या दिनक्रमाला शाळेने सामोरे जावे, ही त्यांची दृष्टी आश्रमशाळेच्या रविवारलाही लागू पडते.

किती आणि किती नाही

दुसऱ्या टोकाला, उपक्रमांची गर्दी हाही दोषच आहे. शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास, स्पर्धा परीक्षांचे वर्ग, वक्तृत्व, नृत्य, अबॅकस, यांनी काही मुलांचे शनिवार-रविवार सोमवारहून अधिक भरगच्च झाले आहेत. अमेरिकेतील एका अर्थशास्त्रीय अभ्यासात २०२४ मध्ये असे मांडण्यात आले की, गृहपाठ, शिकवणी व आखीव कार्यक्रम यांचा वेळ एका मर्यादेपलीकडे वाढविल्यास शैक्षणिक कौशल्यांत दिसण्याजोगी भर पडत नाही, उलट मुलांच्या भावनिक स्वास्थ्यावर विपरीत परिणाम होतो. हा निष्कर्ष तेथील समाजापुरता खरा मानला तरी आपल्या शहरांतील पालकांनी त्यावर थांबून विचार करण्यास हरकत नाही. लगोरी, विटीदांडू, सूरपारंबी हे खेळ मुले मोठ्यांच्या देखरेखीविना खेळतात. नियम स्वतः ठरवितात, मोडतात, भांडतात आणि पुन्हा खेळू लागतात. भांडण मिटविण्याचे जे शिक्षण यातून मिळते, ते नातेसंबंध या विषयावरील तासाने मिळेलच असे नाही.

झोपेचा विचार तर शिबिरे भरविणारे क्वचितच करतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप आवश्यक असते, अशी निद्राविषयक तज्ज्ञांची २०१६ ची शिफारस आहे. दिवसभरात शिकलेले स्मृतीत पक्के होण्याचे कार्य झोपेत चालते. शाळांच्या सकाळच्या वेळेमुळे लहान मुलांची झोप अपुरी होते, हे ध्यानी घेऊन राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला. शनिवारच्या सकाळच्या शाळेच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. पाच दिवस साडेदहाला शाळा, शनिवारी साडेसातला आणि रविवारी उशिरापर्यंत झोप, अशा तीन वेळापत्रकांत लहान मुलाचे शरीर गोंधळते आणि सोमवारची सुस्ती वाढते. रविवारीही उठण्याची वेळ फारशी न बदलणे, निदान तासाभराहून अधिक न बदलणे, हा साधा उपाय घरोघर करता येण्याजोगा आहे. शनिवारी रात्री उशिरापर्यंत भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर बसण्याची जी सवय अलीकडे मुलांना जडली आहे, तिचा बंदोबस्त मात्र मोठ्यांनी आपल्यापासून करावा लागेल.

उघड्या हवेत घालविलेल्या वेळेचे महत्त्व आता वैद्यकीय प्रयोगांनीही सिद्ध झाले आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची सूचना आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटे अधिक मैदानावर नेण्यात आले. तीन वर्षांनंतर त्यांच्यातील ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी जडलेली आढळली. नेहमीचाच दिनक्रम असलेल्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्म्याच्या खर्चाच्या हिशेबाने पाहिले तरी मैदान स्वस्त पडते.

या सर्वांत शिक्षकाचा विचार शेवटी करून चालणार नाही. अधिनियमाने शिक्षकाचे आठवड्याचे तास तयारीसह ४५ धरले आहेत. आनंददायी शनिवारची तयारी या तासांतच बसली पाहिजे. ती त्याच्या रविवारवर लादली गेली तर उत्साह फार काळ टिकणार नाही. दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळून नऊ विषयांचे उपक्रम करणे कठीण आहे, हे मान्य करून केंद्रातील तीन-चार शाळांनी आपापसांत काम वाटून घ्यावे. एकाने खेळांची तयारी करावी, दुसऱ्याने प्रथमोपचाराची, आणि महिन्याच्या शनिवारांत ती फिरती ठेवावी. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची संख्या तीन-चतुर्थांश असते. गावातील परिचारिका, टपाल कर्मचारी, गवंडी, भजनी मंडळातील पखवाजवादक यांना शाळेत आणण्याचे काम मुख्याध्यापकापेक्षा ही समितीच अधिक सुलभतेने करू शकते.

मूल्यमापनासाठी नवे तक्ते भरविण्याची आवश्यकता नाही. शाळेच्या हजेरीपटात उत्तर आहे. उपक्रमापूर्वीच्या आणि नंतरच्या शनिवारची उपस्थिती, विशेषतः मुलींची आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांची, काढून पाहावी. सोमवारी गैरहजर राहणाऱ्यांची संख्या घटली का, तेही पाहावे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सहज करता येते. शनिवारी शाळा सुटताना ग्रंथालयाच्या पेटीतील एकेक पुस्तक प्रत्येक मुलाच्या हाती द्यावे. दप्तर घरीच असल्याने हात रिकामेच असतात. पुस्तक मळेल, फाटेल, एखादे हरवेलही. जड संग्रह नोंदवहीत तशी नोंद करण्याची मोकळीक शिक्षकास असावी. सोमवारी ते परत घेताना त्यातील काय आवडले एवढेच विचारावे, आणि उत्तर आले नाही तर तेच पुस्तक आणखी एक आठवडा त्या मुलाकडे राहू द्यावे.